पूररेषा आणि शेजारधर्म

पाणी कोठवर येणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याने ते इतरांना सांगावे की नाही? प्रश्न इतक्या साध्या शब्दांत विचारला, तर उत्तर देण्यास कोणी क्षणभरही थांबणार नाही. सांगावे, असेच आपण सर्व जण म्हणू. परंतु त्याच प्रश्नाला थोडी व्यवहाराची जोड देऊन पाहू. सांगितल्यामुळे एखाद्या विधवेच्या दोन गुंठ्यांची किंमत निम्म्यावर येणार असेल, तर? सांगितल्यामुळे झोपड्या हटविण्याचे निमित्त कोणाच्या हाती पडणार असेल, तर? सांगणाऱ्याचे अनुमान चुकण्याचा संभव असेल, तर? आणि ज्यांना सांगायचे, त्यांना जाण्यासाठी दुसरी जागाच नसेल, तर? एवढे पदर सुटे केल्यावर सोपे उत्तर सोपे राहत नाही. शहरातील पुराच्या जोखमीचे नकाशे हा अभियंत्यांचा विषय आहे, अशी आपली समजूत असते. तो तसा आहेच. पण नकाशावर रेषा ओढली जाते त्या क्षणी तो नीतिविचाराचाही विषय होतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाजूचा विचार करावयाचा आहे.

हा विचार वरवंडसारख्या गावी बसून करावा, याला कारण आहे. वरवंड हे पुणे-सोलापूर महामार्गावरील दौंड तालुक्यातील गाव. मोठी नदी गावाला लागून नाही. येथील व्हिक्टोरिया तलावात पाणी येते ते खडकवासल्याहून निघालेल्या कालव्याने, आवर्तन सुटले म्हणजे. त्यामुळे आमच्या भागातील चर्चा बहुधा पाणी केव्हा येईल याची असते. पाणी कोठवर येईल याची क्वचित. पण ज्या खडकवासल्याचे पाणी कालव्याने आम्हांला मिळते, त्याच खडकवासल्याचा पावसाळी विसर्ग मुठेच्या पात्रातून पुणे शहरात शिरतो, संगमावर मुळेला मिळतो, मुळा-मुठा होऊन पूर्वेकडे वाहतो आणि शिरूर-दौंडच्या शिवेवर रांजणगाव सांडसजवळ भीमेला भेटतो. तेथून ते पाणी दौंड शहराला वळसा घालून उजनीकडे जाते. म्हणजे शहराच्या पाण्याची कथा शहराच्या वेशीपाशी संपत नाही. शहराच्या नकाशावरची रेषा मात्र बहुधा तेथेच संपते.

पुण्याच्या पुराचे नाव काढले की आजही पहिली आठवण येते ती १२ जुलै १९६१ ची. आंबी नदीवरील पानशेतचे धरण तेव्हा पुरते बांधून झाले नव्हते, तरी त्यात पाणी साठू दिले गेले होते. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून बांध सावरण्याची शर्थ केली. पण सकाळी धरण फुटले, आणि त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे जुने धरणही फोडले. लकडी पुलासह शहरातील बहुतेक पूल पाण्याखाली गेले. नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या. चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. प्रथम न्यायमूर्ती बावडेकर यांचा आणि त्यांच्या मृत्यूनंतर न्यायमूर्ती नाईक यांचा. त्या दिवसाचा सर्वांत कडवट घोट कोणता असेल, तर तो हा की अनेक घरांना पुराची बातमी पाण्यानेच दिली. ज्यांना धोका दिसत होता आणि ज्यांच्यावर तो कोसळणार होता, त्यांच्यामध्ये स्पष्ट शब्दांत बोलणारा दुवाच नव्हता.

पूररेषा म्हणजे असा दुवा अगोदरच बांधून ठेवण्याचा प्रयत्न होय. महाराष्ट्रात पाटबंधारे विभागाच्या १९८९ च्या परिपत्रकाने या रेषांची पद्धत घालून दिली. नदीचे ठराविक अंतरावर आडवे छेद घेतात, तळाची व काठाची उंची मोजतात, पर्जन्यमानाच्या व विसर्गाच्या नोंदींवरून किती पाणी येऊ शकेल याचे गणित करतात आणि ते पाणी कोणत्या उंचीपर्यंत चढेल हे नकाशावर मांडतात. सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची ती लाल रेषा. नदी व निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध. तेथे उद्याने, मैदाने, शेती असावी, वस्ती नसावी. निळ्या व लाल रेषांमधील पट्टा नियंत्रित. तेथे बांधकाम काही अटींवर करता येते. पुण्यात मुठेसाठी निळी रेषा ६० हजार क्युसेकची आणि लाल रेषा एक लाख क्युसेकची धरण्यात आली. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी.

आता या '२५ वर्षांतून एकदा' या शब्दांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. कारण सर्वांत मोठी फसवणूक, बहुधा कोणी हेतुपुरस्सर न करताही, येथेच होते. ऐकणाऱ्याला वाटते, पूर नुकताच येऊन गेला, आता २५ वर्षे चिंता नाही. गणित तसे सांगत नाही. ते सांगते की दर वर्षी अशा पुराची शक्यता शंभरात चार आहे, आणि मागच्या वर्षी पूर आला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही. एखाद्या कुटुंबाने २० वर्षांच्या कर्जावर निळ्या रेषेलगत घर घेतले, तर कर्ज फिटण्यापूर्वी एकदा तरी पाणी रेषेपर्यंत पोहोचण्याची शक्यता निम्म्याहून अधिक, सुमारे ५६ टक्के भरते. लाल रेषेवरील घरासाठी त्याच मुदतीत ती सुमारे १८ टक्के आहे. औषधाच्या बाटलीवर इतक्या संभाव्य अपायाची सूचना छापली असती, तर आपण ती बाटली मुलाच्या हाती लागू दिली नसती. घराच्या करारपत्रावर मात्र ही दोन वाक्ये लिहिण्याचे आपणांस सुचत नाही.

शिवाय रेषा कागदावर स्थिर असली, तरी नदी स्थिर नसते. खडकवासल्याच्या साखळीतील चार धरणांची साठवण मिळून सुमारे २९ टीएमसी आहे. पण त्यात खुद्द खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीच्या आसपासच आहे. वरची धरणे भरली आणि पाऊस थांबला नाही, की या लहान धरणाला पाणी पोटात ठेवणे शक्य नसते. ते खाली सोडावेच लागते. दुसरीकडे, धरणांमुळे नदी वर्षातील बहुतेक महिने आकसलेली दिसते, आणि जे कोरडे दिसते ते रिकामे आहे असे माणसाला वाटू लागते. मग पात्रात राडारोडा पडतो, भराव होतो, रस्ते येतात. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसरात घरांत पाणी शिरले, तेव्हा खडकवासल्याचा विसर्ग ६० हजार क्युसेकच्या पुष्कळ खाली होता. धरणाखालच्या क्षेत्रातही मुसळधार पाऊस झाला होता, हे खरे; पण अरुंद झालेल्या पात्रात थोडे पाणीही उंच चढते, हेही तितकेच खरे. त्याच पहाटे डेक्कन परिसरातील पुलाच्या वाडीत विजेच्या धक्क्याने तिघांचा मृत्यू झाला. म्हणजे पूर नुसता बुडवून मारत नाही. शहरात तो तारांतून, भिंतींतून आणि वाहनतळांतूनही येतो.

आणि तो नदीतूनच येतो असेही नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबील ओढ्याला असा लोंढा आला की शहर व जिल्हा मिळून विसाहून अधिक माणसे दगावली. टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. १९६१ च्या पूरग्रस्तांच्या सहकारी गृहरचना संस्था ज्या सहकारनगर भागात वसल्या, त्याच भागात ५८ वर्षांनी ओढ्याचे पाणी शिरले. नदीची रेषा आखलेली होती. पण ओढ्याकडे कोणी नदीच्या डोळ्यांनी पाहिले नव्हते. मुंबईकरांची गोष्टही निराळी नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि मिठी ही नदी आहे हे अनेकांना त्या दिवशी प्रथम कळले. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्याच्या लोकांनी दिवसेंदिवस पाण्यात उभे राहून जो अनुभव घेतला, तो आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या स्मरणात असेल.

अशा प्रसंगी 'ही देवाची करणी' असे म्हणण्याची प्रथा आहे. कायद्याच्या भाषेतही तो शब्दप्रयोग रुळला आहे. श्रद्धावंत माणसाने हा शब्द फार जपून वापरावा, असे मला वाटते. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, लिस्बन शहर भूकंपाने हादरले. चर्चमध्ये गर्दी असताना छपरे कोसळली, मागोमाग समुद्राच्या लाटा आल्या, आग लागली. ही ईश्वराची शिक्षा की ईश्वराच्या नसण्याचा पुरावा, असा वाद युरोपभर पेटला. व्हॉल्टेअरने त्यावर दीर्घ कविता लिहिली. पुढच्या वर्षी, १७५६ च्या ऑगस्टमध्ये, रूसोने त्याला जे पत्र पाठविले त्यातील युक्तिवाद आजही ताजा आहे. त्याचा आशय असा की सहा-सात मजल्यांची वीस हजार घरे तेथे निसर्गाने आणून ठेवली नव्हती. लोक विखरून आणि हलक्या घरांत राहत असते तर हानी कितीतरी कमी झाली असती. रूसोच्या इतर मतांशी आपले पटो वा न पटो, येथे त्याने एक गोष्ट कायमची वेगळी करून दाखविली. पाऊस पडणे ही एक घटना आहे, आणि त्या पावसाच्या वाटेत माणूस झोपलेला असणे ही दुसरी. पहिलीला कर्ता मानवी नाही. दुसरीला आहे.

शुभवर्तमानातही सिलोअमच्या बुरुजाचा उल्लेख आहे. तो कोसळून अठरा जण ठार झाले. ते इतरांहून अधिक पापी होते, ही समजूत प्रभूने तेथे स्पष्टपणे नाकारली आहे. तेव्हा बुडालेल्याकडे बोट दाखविण्याची मुभा आपणांस नाही. मग बोट कोठे दाखवायचे? माझ्या मते, बोट दाखविण्यापूर्वी नकाशा उलगडावा. जोखमीचा नकाशा हा एका अर्थी जबाबदारीचाही नकाशा असतो. पाणी कोठे येणार हे तो सांगतो. आणि तेथे माणसे कशी आली, कोणी आणली, कोणी येऊ दिली, हा प्रश्न त्यातून आपोआप उभा राहतो.

येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नकाशा हितकारक असला, तरी तो निरुपद्रवी नसतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. त्यानंतर तेथे पूररेषा आखल्या गेल्या तेव्हा शहरातून मोठा विरोध झाला, कारण जुन्या बाजारपेठेसह शहराचा फार मोठा भाग त्या रेषांत येत होता. विरोध करणारे सर्व जण अडाणी वा लोभी होते, असे समजणे अन्यायाचे होईल. ज्याचे घर तीन पिढ्यांपूर्वी बांधले गेले, त्याला आज एक कागद सांगतो की तुझ्या घराची डागडुजीही परवानगीवाचून होणार नाही, तुझी जागा कोणी विकत घेणार नाही, बँक तारण ठेवणार नाही. पुराने त्याचे सामान नेले. रेषेने उरलेली पुंजी नेली. त्याने कोणता अपराध केला? रेषा त्याच्या घरानंतर आली.

या आक्षेपाला उत्तर देताना एक भेद करणे आवश्यक आहे. नकाशाने त्या घराची किंमत कमी केली, हे म्हणणे वैद्याने रोग सांगितल्यामुळे रोग झाला असे म्हणण्यासारखे आहे. जोखीम आधीपासूनच होती. फक्त ती कोणाच्या हिशेबात धरलेली नव्हती. रेषा लपविली, तर ती जोखीम नाहीशी होत नाही. ती पुढच्या, न कळत्या ग्राहकाच्या गळ्यात पडते. म्हणून सत्य दडपण्याचा हक्क घरमालकाला पोहोचत नाही. परंतु एवढे म्हणून समाजाची सुटका होत नाही. सत्य सर्वांच्या हितासाठी सांगितले जात असेल, तर त्याची किंमत एकट्या त्या घराने का भरावी? जे शहर पूररेषेमुळे सुरक्षित होते, त्याने त्या घराच्या स्थलांतराचा, घर उंचावण्याचा वा विम्याचा भार वाटून घ्यावयास हवा. नाहीतर सत्य सांगणे हा सबळांनी दुर्बळांवर लादलेला एक कर ठरेल.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. नकाशा सर्वांसाठी एक असतो; पण तो सर्वांवर सारखा चालविला जात नाही. जून २०२१ मध्ये, ऐन पावसाळ्यात आणि साथीच्या काळात, पुण्यात दांडेकर पुलाजवळील आंबील ओढ्याकाठच्या वस्तीतील घरे पाडण्यास सुरुवात झाली. रहिवाशांनी टाहो फोडला, न्यायालयाने स्थगिती दिली. ओढा मोकळा करणे आवश्यक होते की नव्हते, हा वेगळा प्रश्न आहे. पण ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे त्यांच्यासाठी रेषा कठोर, आणि ज्यांच्या डोक्यावर दहा मजले आहेत त्यांच्यासाठी ती वाटाघाटीची, असे चित्र लोकांना दिसत असेल, तर त्यांचा विश्वास रेषेवरून उडतो. आणि ज्या रेषेवर विश्वास नाही, तिचा इशारा पुराच्या रात्री कोणी ऐकत नाही. अन्याय हा अशा रीतीने प्रत्यक्ष जीवितहानीचे कारण होतो.

'त्यांना ठाऊक होते, तरी ते तेथे राहिले,' हे वाक्य आपण फार सहज उच्चारतो. ठाऊक असणे आणि निवड करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धुणीभांडी करणाऱ्या बाईला कामाच्या घरांपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहावे लागते. तेवढ्या अंतरात तिला परवडणारी जागा ओढ्याच्या काठीच मिळते. ज्याच्यापुढे दोन वाटा आहेत त्याने धोक्याची वाट धरली, तर तिला त्याची निवड म्हणावे. ज्याच्यापुढे एकच वाट आहे, त्याच्या बाबतीत निवड दुसऱ्या कोणीतरी अगोदरच केलेली असते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी मुठेचा उजवा कालवा पुण्यात जनता वसाहतीजवळ फुटला आणि दांडेकर पूल वस्तीतील संसार भर दिवसा वाहून गेले. तो दिवस पावसाच्या पुराचा नव्हता. ज्या कालव्याकडे वरवंडसारखी गावे डोळे लावून बसतात, त्याच्याच पाण्याने तेथे गरिबाचे घर धुतले. खाली तहान आणि वर पूर, असे हे एकाच पाण्याचे दोन हिशेब आहेत. आणि दोन्हींकडे उणे बाजूला बहुधा सारखीच माणसे असतात.

आमच्याच भागातील एक साधा प्रसंग सांगतो. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पत्नीसह माझ्याकडे आले होते. महामार्गालगतच्या एका गावात, ओढ्याच्या वळणावर, त्यांनी दोन गुंठे जागा पाहिली होती. इसार दिला होता. "फादर, तुम्ही एकदा जागा बघा आणि सांगा," असे बाईंचे म्हणणे होते. मी गेलो. जागा सुरेख होती, स्वस्तही होती. शेजारी शेळ्या राखणाऱ्या एका वृद्धाला मी पाणी कोठवर येते असे विचारले. त्यांनी काठीने एका बाभळीचा बुंधा दाखविला. बाभूळ त्या जागेच्या वरच्या अंगाला होती. मी त्या दांपत्याला एवढेच म्हणालो की भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा जुना नकाशा काढा, त्यात ओढा किती रुंद दाखविला आहे ते पाहा, आणि मग ठरवा. गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "फादर, एवढ्या पैशांत दुसरीकडे काय मिळणार, तेही सांगा." त्यांच्या त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि नकाशापाशीही नसते. धोक्याची जागा दाखविणे हे सत्याचे अर्धे काम आहे. सुरक्षित जागा परवडण्याजोगी करणे हे उरलेले अर्धे. ते धर्मगुरूच्या किंवा अभियंत्याच्या एकट्याच्या हातचे नाही, ते समाजाचे आहे.

हा प्रश्न आता फक्त महानगरांचा राहिलेला नाही, हे आपण ध्यानी घेतले पाहिजे. महामार्गाच्या दोहों अंगांनी शेतांचे भूखंड होत आहेत, आणि भूखंड पाडताना ओढे पहिल्यांदा बुजतात. दौंड, बारामती, इंदापूर हे अवर्षणप्रवण तालुके. पण ऑक्टोबर २०२० च्या मध्यास झालेल्या अतिवृष्टीत दौंड तालुक्यात ओढ्याच्या पुराने दुचाकीवरची माणसे वाहून नेली. आणि मे २०२५ च्या अखेरीस, मोसमी पाऊस नुकताच पोहोचतो न पोहोचतो तोच, याच पट्ट्यात असा पाऊस कोसळला की बारामतीकडे नीरेचा डावा कालवा फुटला आणि मदतपथके धाडावी लागली. दुष्काळी मुलखात पुराची आठवण कमी असते. म्हणूनच तेथे नकाशाची गरज अधिक असते, आणि मागणी मात्र सर्वांत कमी.

आपल्या वाडवडिलांपाशी छापील नकाशे नव्हते. पण जमिनीची समज होती. त्यांच्या भाषेत 'पांढरी' म्हणजे वस्तीची जागा आणि 'काळी' म्हणजे पिकाची. गावठाण उंचवट्यावर, मळई नदीकाठी. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात ते गाळपेर करीत. पीक घेत आणि पुढच्या पावसाआधी ती जागा पाण्याला परत देत. या व्यवस्थेचा गौरव करताना हेही विसरता कामा नये की गावाच्या उंचवट्यावर सर्वांना जागा नव्हती. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांना पुष्कळदा सखल भागच मिळाला. जोखमीची वाटणी जातीच्या रेषेने करणारा तो जुना नकाशा आपण पुन्हा आखता कामा नये. परंतु नदीच्या जागेत तात्पुरते राहावे, कायमचे राहू नये, ही त्यातील शहाणीव घेण्यासारखी आहे. सांगलीचे लोक आजही आयर्विन पुलाजवळचे पाणी किती फुटांवर आहे हे विचारतात आणि त्यावरून आपल्या गल्लीचे भवितव्य ओळखतात. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका, हे तेथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ज्ञान लोकांच्या बोलण्यात उतरले, की ते खऱ्या अर्थाने नकाशा होते.

जपानमध्ये अनेयोशी नावाची एक वाडी आहे. १९३३ च्या त्सुनामीनंतर तेथील लोकांनी उतारावर एक शिळा उभारली आणि तिच्या खाली घर बांधू नये असे तीवर कोरले. २०११ मध्ये समुद्र पुन्हा चढून आला, तेव्हा लाट त्या शिळेच्या खालीच थांबली. वरची घरे वाचली. त्या शिळेला कोणी पोलीस पहारा दिला नव्हता. तिला वाडीने आपले वचन मानले होते. नेदरलँड्ससारख्या, शतकानुशतके पाण्याशी झुंजणाऱ्या देशाने या शतकाच्या आरंभी 'नदीला जागा' देण्याची योजना हाती घेतली. नायमेखेन शहराजवळ वाल नदीचा बांध सुमारे ३५० मीटर मागे घेतला, आणि त्यासाठी सुमारे ५० घरे हलवावी लागली. ओव्हरडीप नावाच्या सखल भागात शेतकऱ्यांनी स्वतःच प्रस्ताव मांडला की आमची घरे उंच टेकाडांवर बांधून द्या, आणि पुराच्या वेळी आमच्या शेतांत पाणी सोडा. वरच्या गावाचे रक्षण व्हावे म्हणून त्यांनी आपली शेते देऊ केली; पण आधी त्यांच्याशी बोलले गेले, त्यांचे घर सुरक्षित केले गेले. त्याग मागण्याचा अधिकार विश्वासानंतर येतो, हा त्यातला धडा आहे. दोन्ही देशांची सधनता आपल्यापाशी नाही, हे खरे. परंतु शिळा उभारायला आणि आधी विचारायला सधनता लागत नाही.

या सर्व विवेचनातून माझ्या मनात जे निष्कर्ष ठरले आहेत, ते थोडक्यात मांडतो. पहिला असा की जोखमीचे ज्ञान ही खासगी मालमत्ता नाही. ज्याला ते आहे, त्याच्यावर ते सांगण्याचे ऋण आहे. पूररेषेचा नकाशा कार्यालयाच्या कपाटात असणे म्हणजे तो नसणेच होय. तो प्रभागाच्या चौकात, शाळेच्या भिंतीवर, चर्चच्या व मंदिराच्या आवारात, लोकांना समजेल अशा मराठीत लागला पाहिजे. आणि खांबांच्या रूपाने प्रत्यक्ष जमिनीवरही दिसला पाहिजे. दुसरा असा की अनिश्चितता ही गप्प राहण्याची सबब नाही. अनुमान चुकू शकते, म्हणून ते अनुमान आहे असे सांगून सांगावे. पात्र बदलले की रेषाही पुन्हा तपासावी. तिसरा असा की रेषा सरकवायची झाली, तर ती पाण्याच्या मोजमापाने सरकावी, जमिनीच्या भावाने नव्हे. कागदावर रेषा दहा मीटर अलीकडे आणणाऱ्याने कोणाला ठार मारलेले नसते. पण कोणीतरी मरेल अशी व्यवस्था त्याने सही करून ठेवलेली असते. हे पाप हत्येच्या यादीत आपण घालत नाही, कारण मारणारा आणि मरणारा यांच्यात वीस वर्षांचे अंतर असते. अंतराने पापाचे स्वरूप बदलते, असे मात्र मला कोठे आढळलेले नाही.

चौथा निष्कर्ष वरच्या आणि खालच्या गावांविषयी आहे. शेजारी कोण, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः आपण भिंतीला भिंत लागून असण्यावरून देतो. भल्या शोमरोनीच्या दाखल्याने ते उत्तर कधीच पुरेसे ठेवले नाही. संकटात सापडलेल्याशी जो शेजाऱ्यासारखा वागतो, तो शेजारी. नदीने याला आणखी एक अर्थ दिला आहे. माझ्या अंगणातून निघालेले पाणी ज्याच्या अंगणात जाते, तो माझा शेजारी. मग तो साठ किलोमीटरवर असो. पुण्याने आपल्या काठाला भिंती बांधून पाणी वेगाने पुढे लोटले, तर ते नाहीसे होत नाही. ते खालच्या कोणाच्या तरी शेतात, कोणाच्या तरी ओट्यावर चढते. आणि आम्ही खालच्यांनी ओढे बुजवून भूखंड पाडले, तर आमच्याही खाली कोणीतरी आहेच. या साखळीत शेवटचा असा कोणी नाही.

मागील पिढीने आपल्याला धरणे दिली, कालवे दिले, शहरे दिली. त्यांबरोबर काही न सांगितलेल्या जोखमीही दिल्या. आपण पुढच्या पिढीला काय देणार आहोत, हे अजून ठरावयाचे आहे. पाणी अडविण्याची शक्ती आपल्यात कदाचित मर्यादित असेल. ते कोठवर येईल हे खरे सांगणे, सर्वांना सारखे सांगणे, आणि सांगून झाल्यावर ज्याला निघावे लागेल त्याला आपल्या उंचवट्यावर जागा करून देणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. तेवढे केले, तर पाऊस आपले काम करील आणि आपण आपले केले असे म्हणता येईल.